इतिहास-भूगोलाचे शिक्षक होताना : प्रस्तावना

जून महिन्यात माध्यमिक शाळेचे वेळापत्रक बसते तेव्हा गणित, विज्ञान आणि इंग्रजीचे तास आधी लागतात. मग मराठी, हिंदी. शेवटी उरलेल्या रकान्यांत इतिहास, भूगोल आणि राज्यशास्त्र घालायचे असते, आणि त्या वेळी एक वाक्य हमखास ऐकू येते : "इतिहास-भूगोल काय, कोणीही घेईल." चित्रकलेच्या सरांकडे तास कमी पडतात म्हणून आठवीचा भूगोल त्यांच्याकडे जातो, हिंदीच्या बाईंकडे नववीचे राज्यशास्त्र. हे पुस्तक त्या वाक्याच्या विरोधात लिहिले आहे. माध्यमिक शाळेत शिकवायला सर्वांत अवघड विषय सामाजिक शास्त्रे हाच आहे, असे अध्यापक महाविद्यालयात अनेक वर्षे सराव पाठ पाहिल्यानंतरचे माझे ठाम मत आहे. त्याची तयारीही तितक्याच कसोशीने व्हायला हवी.

अवघड का, ते आधी सांगतो. विषय तीन आहेत आणि शिक्षक बहुधा एकच. बी.एड.ला येणारा विद्यार्थी एखाद्या विषयात पदवी घेऊन आलेला असतो : कोणाचा इतिहास, कोणाचा भूगोल, कोणाचे राज्यशास्त्र, पुष्कळांचे मराठी किंवा अर्थशास्त्र. अभ्यासक्रमात त्याला दोन अध्यापन पद्धती निवडायच्या असतात. मराठी आणि इतिहास अशी जोडी घेतलेली मुलगी शाळेत रुजू होते तेव्हा भूगोलाचे पुस्तकही तिच्याच हातात पडते. दहावीच्या आताच्या भूगोलात वर्षभर भारत आणि ब्राझील यांची तुलना चालते आणि पहिलाच पाठ क्षेत्रभेटीचा आहे. ब्राझीलचा बहुतेक भाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, म्हणून तिथे जानेवारीत उन्हाळा. ब्राझिलियाचे घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागे. असल्या गोष्टींशी या मुलीचा शेवटचा संबंध आला होता तो तिच्या स्वतःच्या शाळेत. आता त्या समजावून सांगायच्या तर पृथ्वीगोल हातात घेऊन तिला पुन्हा मुळापासून सुरुवात करावी लागते.

इतिहासाच्या पुस्तकाने याहून मोठे वळण घेतले आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात राजे आणि लढाया क्रमाने येत नाहीत. इतिहासलेखनाची पाश्चात्त्य परंपरा, भारतीय परंपरा, उपयोजित इतिहास, कला, प्रसारमाध्यमे, मनोरंजन, खेळ, पर्यटन, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन असे त्याचे पाठ आहेत. इतिहास लिहिला कसा जातो, त्याचा पुढे उपयोग काय होतो, हे पंधरा वर्षांच्या मुलांना सांगू पाहणारे हे पुस्तक मला मनापासून आवडते. वर्गात त्याची होणारी परवड पाहून तितकेच वाईट वाटते. व्होल्टेअर, रांके, फुको ही नावे 'योग्य पर्याय निवडा' या प्रश्नापुरती घोकून घेतली जातात. रांकेने मूळ कागदपत्रे तपासण्याचा आग्रह का धरला, हे ज्या शिक्षकाने एकही मूळ कागद कधी पाहिलेला नाही तो कोणत्या आधारावर सांगणार? दोष त्या शिक्षकाचा नाही. त्याच्या प्रशिक्षणात तसा कागद कधी आलाच नाही.

म्हणून या पुस्तकाचे सांगणे एकाच गोष्टीभोवती फिरते. सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला प्रशिक्षणात सर्वांत आधी एक सवय लागली पाहिजे : कोणतेही विधान करताना 'हे आपल्याला कशावरून कळले' हे स्वतःला विचारण्याची, आणि मुलांनाही विचारू देण्याची. सनावळ्या, नकाशे, कलमे हे सगळे लागतेच, पण ही सवय नसेल तर ते सगळे गाइडमधूनही मिळते.

एक उदाहरण घेऊ. महाराष्ट्रातल्या प्रत्येक वर्गात हा प्रश्न येतो : "सर, शिवजयंती दोन-दोनदा का असते?" बहुतेक छात्राध्यापक या प्रश्नाने गांगरतात. काहीतरी वादाचे बोलले जाईल या भीतीने "एक तारखेप्रमाणे, एक तिथीप्रमाणे" एवढे सांगून पुढे सरकतात. वास्तविक इतिहासलेखनाचा अख्खा पाठ या एका प्रश्नात शिकवता येतो. महाराजांचा जन्म १६२७ च्या वैशाखात झाला असे दीर्घकाळ मानले जात होते. १९१६ साली लोकमान्य टिळकांनी जेधे घराण्याकडची शकावली प्रसिद्ध केली. तीत शके १५५१, फाल्गुन वद्य तृतीया अशी नोंद होती. म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०. मग अभ्यासकांचे वाद झाले, इतर साधने पुढे आली, त्यांची ताडणी झाली आणि पुढे राज्य शासनाने ती तारीख स्वीकारली. आता वर्गाला विचारता येते : शकावली म्हणजे काय? ती कोणी लिहिली, कशासाठी लिहिली? घटनेनंतर किती काळाने? दोन नोंदी जुळल्या नाहीत तर कोणती धरायची? ज्या मुलाने हे एकदा डोळसपणे केले, त्याला पाठ्यपुस्तकातली 'साधनांची विश्वसनीयता' ही संज्ञा वेगळी समजावून सांगावी लागत नाही. हा प्रश्न टाळला तर मुलगा उत्तर शोधायला मोबाइलकडे वळतो, आणि तिथे जे मिळते ते कोणी, कधी, कशाच्या आधारे लिहिले याचा पत्ता नसतो.

दुसरे उदाहरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात इतिहास आणि राज्यशास्त्र कसे एकमेकांत मिसळतात ते दिसते. आठवीच्या वर्गात एक छात्राध्यापिका महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह शिकवत होती. पाठ टाचण नीटनेटके होते. फलकावर तारीख, स्थळ, नेतृत्व, उद्देश, परिणाम असे मुद्दे एकाखाली एक लिहिलेले. मधेच एका मुलीने हात वर केला : "मॅडम, तळं गावाचं होतं ना? मग पाणी प्यायला परवानगी कोणाची लागत होती?" छात्राध्यापिका म्हणाली, "तेव्हा अस्पृश्यता होती," आणि पुढच्या मुद्द्याकडे गेली. तास पस्तीस मिनिटांचा, मागे निरीक्षक बसलेले, मूल्यमापनाचे प्रश्न अजून घ्यायचे राहिलेले. तिची अडचण मला समजत होती.

त्या मुलीचा प्रश्न त्या दिवशीच्या सगळ्या पाठापेक्षा मोठा होता. चर्चेच्या वेळी आम्ही तोच घेऊन बसलो आणि पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तुकडीवर पाठ पुन्हा झाला. या वेळी फलकावर फक्त तारखा होत्या. ऑगस्ट १९२३ : मुंबई विधिमंडळात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर. सार्वजनिक निधीतून बांधलेली किंवा चालवलेली पाणवठ्यांसारखी ठिकाणे अस्पृश्य मानलेल्यांना खुली. जानेवारी १९२४ : महाड नगरपालिकेने चवदार तळे सर्वांसाठी खुले केल्याचा ठराव. २० मार्च १९२७ : डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली लोक तळ्यावर गेले आणि पाणी प्याले. ऑगस्ट १९२७ : नगरपालिकेने आपला आधीचा ठराव रद्द केला. मार्च १९३७ : मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल, तळे सर्वांचे. मुलांना एवढेच सांगितले की प्रत्येक तारखेपुढे निर्णय कोणाचा ते लिहा. विधिमंडळ, नगरपालिका, लोक, पुन्हा नगरपालिका, न्यायालय, असे वह्यांत उतरत गेले. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे ठराव तीन वर्षं आधीच झाला होता, पण तळं उघडलंच नाही." कायदा होणे आणि तो अमलात येणे यांच्यातले अंतर त्याने स्वतः शोधून काढले होते. मूलभूत हक्कांचा पाठ त्यानंतर त्याला कोरडा वाटला नसणार.

याच पाठाच्या निमित्ताने एक सूचना इथेच करतो, कारण पद्धतीच्या पुस्तकांत ती कुठे सापडत नाही. आपल्या वर्गात ज्यांच्या आजोबा-पणजोबांना वेगळ्या पाणवठ्यावर जावे लागले अशी मुले असतात, आणि ज्यांच्या घरच्यांनी त्यांना अडवले अशीही असतात. कोणत्याही मुलाला उभे करून "तुमच्याकडे कसं होतं रे?" असे विचारू नये. आडनाव घेऊन उदाहरण देऊ नये. अफझलखानाचा प्रसंग शिकवताना वर्गातल्या मुसलमान मुलाकडे नजर वळू देऊ नये. इतर मुलांच्या नजरा वळल्या तर त्या परत फलकाकडे आणणे हे शिक्षकाचेच काम आहे. गणिताच्या शिक्षकाला ही जोखीम नसते. समीकरणाला जात नसते, पाठ्यपुस्तकातल्या प्रसंगांना असते, आणि ते प्रसंग ज्यांच्यापुढे सांगायचे त्यांनाही असते. वर्गातले प्रत्येक मूल दुखावले न जाता सत्य पूर्ण सांगायचे, हे या विषयाचे सर्वांत कठीण कौशल्य. सूक्ष्म अध्यापनाच्या कौशल्यांच्या यादीत त्याला जागा नाही, म्हणून या पुस्तकात त्याला एक पूर्ण प्रकरण दिले आहे.

सूक्ष्म अध्यापनाला मी कमी लेखत नाही. १९६० च्या दशकात अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठात ड्वाइट अॅलन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत उभी केली. आपल्याकडे तिचे छत्तीस मिनिटांचे चक्र रूढ झाले : सहा मिनिटे पाठ, सहा प्रत्याभरण, बारा पुनर्नियोजन, सहा पुन्हा पाठ, सहा पुन्हा प्रत्याभरण. प्रश्न विचारणे, फलक लेखन, चेतक बदल, दिग्दर्शन ही कौशल्ये सुटी करून घोटली की बोलताना पाय लटपटणाऱ्या मुलामुलींना धीर येतो, हे मी पाहिले आहे. हर्बार्टच्या परंपरेतून आलेल्या पायऱ्यांचेही तसेच. प्रस्तावना, हेतुकथन, विषय प्रतिपादन, संकलन, उपयोजन, गृहपाठ या क्रमामुळे नवख्याला पाठाचा आराखडा मिळतो. अडचण पुढे येते. कौशल्ये दहा-बारा जणांच्या गटात, आपल्याच वर्गमित्रांना विद्यार्थी मानून घोटली जातात. वर्गमित्र हवे तेच उत्तर देतात. शाळेतली मुले देत नाहीत, आणि त्या न दिलेल्या उत्तराचे काय करायचे याचा सराव कुठेच होत नाही.

भूगोलाच्या एका पाठात हे फार जवळून दिसले. शाळा वाई तालुक्यातली, घटक पर्जन्यछायेचा. छात्राध्यापकाने समुद्र, सह्याद्री, वारे यांची सुरेख आकृती काढली. वर चढणारे बाण निळे, उतरणारे तांबडे. मुलांनी आकृती उतरवून घेतली आणि 'पर्जन्यछायेचा प्रदेश म्हणजे काय' याचे उत्तर एका सुरात दिले. मग एका मुलाने विचारले, "सर, पसरणीचा घाट चढताना नेमका पाऊस कुठं सुरू होतो?" छात्राध्यापकाने आकृतीतल्या डोंगरमाथ्यावर बोट ठेवले. त्या मुलाने तो घाट पावसाळ्यात एसटीतून कितीतरी वेळा पाहिलेला. त्याला ठाऊक होते की तिथे अशी एखादी रेघ नाही, पाऊस हळूहळू वाढत जातो.

त्याचा प्रश्न खरा भूगोलाचा होता. महाबळेश्वरला वर्षाला पाच-साडेपाच हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो, वाईत हजाराच्या आत, आणि रस्त्याने हे अंतर तीस-बत्तीस किलोमीटरचे. पाचगणी या दोहोंच्या मधे, उंचीनेही आणि पावसानेही. तिन्ही ठिकाणचे आकडे मिळवून मुलांना स्तंभालेख काढायला लावला असता तर आकृतीतल्या डोंगराला उतार आला असता. पुढे विचारता आले असते की मग वाईच्या शेतात पाणी येते कुठून. महाबळेश्वरच्या डोंगरात उगम पावलेली कृष्णा वाईजवळ धोम धरणात अडते, म्हणजे पावसाच्या माथ्यावरचे पाणी पर्जन्यछायेतल्या शेताला मिळते. धरणात कोणाची गावे गेली आणि कालव्याचे पाणी कोणाला पोचले, इथे भूगोल संपून राज्यशास्त्र सुरू होते. एका तालुक्याच्या हद्दीत एवढे सगळे उभे असताना त्या वर्गापुढे फक्त बाण होते.

जिल्हा बदलला की सामग्री बदलते, कमी पडत नाही. लातूर-धाराशिवकडे ३० सप्टेंबर १९९३ चा भूकंप आणि पुनर्वसनाची गावे आहेत. मराठवाड्यात कुठेही १७ सप्टेंबर १९४८ ची आठवण घराघरांत सांगितली जाते. साताऱ्या-सांगलीकडे प्रतिसरकारच्या खुणा आहेत, जुन्नरजवळ नाणेघाटात सातवाहनांचे लेख. काहीच नसेल त्या गावात निदान वेशीवर किंवा मारुतीच्या देवळाशी एखादा वीरगळ असतोच. तळाशी लढाई, मधे अप्सरा, वर शिवलिंग आणि दोन्ही बाजूंना सूर्य-चंद्र. मुले रोज त्यावरून जातात. तो वाचायला शिकवणारा शिक्षक त्यांना पहिले ऐतिहासिक साधन हातात देतो, तेही फुकट. दुष्काळी तालुक्यातल्या मुलांना १९७२ च्या दुष्काळाबद्दल आजीकडून ऐकून यायला सांगावे, आणि मग महाराष्ट्राचा रोजगार हमीचा कायदा १९७७ साली कोणत्या परिस्थितीतून आला ते शिकवावे. आजीने सांगितलेले आणि पुस्तकातले जुळते का, हाही एक पाठच.

आता प्रशिक्षणाच्या इतिहासाबद्दल थोडे. आपल्याकडे माध्यमिक शिक्षकांचे पद्धतशीर प्रशिक्षण जुने आहे. मुंबईचे शासकीय माध्यमिक प्रशिक्षण महाविद्यालय १९०६ सालचे. त्याच्याही आधी, १८८२ साली, महात्मा फुले यांनी हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांत प्रशिक्षित शिक्षक हवेत आणि ते शक्यतो शेतकरी वर्गातून यावेत, अशी मागणी केली होती. शिक्षक मुलांच्या जगातला असावा, हे त्यामागचे म्हणणे आज सामाजिक शास्त्रांच्या शिक्षकाला तर शब्दशः लागू पडते. स्वातंत्र्यानंतर १९५२-५३ च्या मुदलियार आयोगाने आणि १९६४-६६ च्या कोठारी आयोगाने माध्यमिक शिक्षणाची घडी बसवली. कोठारी आयोगाचे सदस्य-सचिव जे. पी. नाईक हे आपल्या कोल्हापूर जिल्ह्यातले, गारगोटीच्या परिसरात प्रत्यक्ष काम केलेले. २७ जानेवारी १९६७ रोजी पुण्यात बालभारतीची स्थापना झाली. या सगळ्या काळात बी.एड. मात्र एका वर्षाचेच राहिले. त्या वर्षातले शाळेतले दिवस किती कमी असत, ते त्या वेळच्या कोणत्याही शिक्षकाला विचारावे.

२०१२ साली न्यायमूर्ती जे. एस. वर्मा आयोगाचा अहवाल आला, २०१४ अखेर राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेचे नवे विनियम निघाले आणि २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले. शाळेतला अनुभव वीस आठवड्यांचा ठरला : पहिल्या वर्षी चार, दुसऱ्या वर्षी सोळा. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३० पर्यंत चार वर्षांची एकात्मिक पदवी ही किमान पात्रता करण्याचे ठरवले आहे. वर्षे वाढली याचे मी स्वागत करतो. पण दोन वर्षे असोत की चार, शाळेतले ते सोळा आठवडे कसे जातात यावरच सगळे ठरते.

ते कसे जातात? छात्राध्यापक शाळेत पोचला की पहिल्या आठवड्यातच त्याचा उपयोग ऑफ तास भरून काढायला होतो. कोणी शिक्षक रजेवर, कोणी प्रशिक्षणाला, कोणी निवडणुकीच्या कामाला, "सर, सातवी ब सांभाळा जरा." उरलेला वेळ वह्यांत जातो : निरीक्षण वही, पाठ टाचण वही, प्रकल्प अहवाल, संविधान तक्ता, मूल्यमापनाचे निकाल. वह्या सुवाच्य आणि पूर्ण असतात. त्यांत एखाद्या मुलाने काय विचारले याची एक ओळही नसते. शाळेतले मार्गदर्शक शिक्षक स्वतःच्या तासांच्या ओझ्याखाली असतात, ते पाठ शेवटपर्यंत पाहतीलच असे नाही. सोळा आठवड्यांत छात्राध्यापकाने किती तास घेतले याची मोजदाद होते. कोणत्या दोन पाठांवर तो पुन्हा-पुन्हा बसला, काय बदलले, हे कोणी विचारत नाही. माझी सूचना साधी आहे. एका घटकाचा एकच पाठ वेगवेगळ्या तुकड्यांवर तीनदा घ्या आणि तिन्ही वेळी मुलांचे प्रश्न लिहून ठेवा. शाळा याला सहसा नकार देत नाहीत.

राज्यशास्त्रासाठी त्याच काळात एक काम मी सर्वांना सांगतो. २६ जानेवारी, १ मे, १५ ऑगस्ट आणि २ ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास ग्रामसभा होतात. शाळेच्या गावातल्या एखाद्या सभेला जाऊन शेवटपर्यंत बसावे. ७३ व्या घटनादुरुस्तीने पंचायत राज्याला घटनात्मक स्थान दिले, आपल्या राज्यात निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव आहेत, हे पुस्तकात वाचलेले असते. कोरमअभावी सभा तहकूब कशी होते, सरपंच बाईंच्या शेजारी बसून उत्तरे कोण देतो, आणि एखादी बाई उठून पाण्याच्या टाकीचा हिशेब मागते तेव्हा सभेचा सूर कसा पालटतो, हे तिथे गेल्याशिवाय कळत नाही. पुढे नोकरीत निवडणुकीची ड्यूटी लागेलच. शिक्षण हक्क कायद्याने शिक्षकांना जी मोजकी अशैक्षणिक कामे देता येतात त्यांत जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका आहेत. त्या कामाचा त्रास मला ठाऊक आहे, तरीही मी म्हणेन की मतदान सुरू होण्यापूर्वी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमोर मॉक पोल घेऊन यंत्र तपासलेला शिक्षक 'निवडणूक प्रक्रिया' हा दहावीचा पाठ वेगळ्याच अधिकाराने शिकवतो. शिकवावा.

नोकरीचा विषय निघाला म्हणून तेही बोलतो, थोडक्यात. बी.एड. झाल्यावर सहावी ते आठवीसाठी टीईटी, मग अभियोग्यता चाचणी, मग पवित्र पोर्टलवर नाव येण्याची वाट. अभियोग्यता चाचणी २०१७ च्या अखेरीस झाली, त्यानंतर थेट २०२३ मध्ये. मधल्या काळात कितीतरी चांगली मुले तासिका तत्त्वावर किंवा विनाअनुदानित तुकड्यांवर राबली आणि काही हा व्यवसायच सोडून गेली. निवड झाली तरी पहिली तीन वर्षे शिक्षणसेवक म्हणून काढायची. माध्यमिकचे मानधन २०२३ मध्ये आठ हजारांवरून अठरा हजारांवर आले. हे बदलले पाहिजे, आणि ते छात्राध्यापकाच्या नव्हे, शासनाच्या हाती आहे. त्याच्या हाती आहे ती तयारी. ज्यांना ही वाट धरायची आहे त्यांना ही परिस्थिती प्रवेशाच्या दिवशीच स्पष्ट सांगितली पाहिजे, असे मला वाटते.

या विषयाची समाजात असलेली किंमत २०२० च्या मार्चमध्ये दिसली. टाळेबंदीमुळे दहावीचा भूगोलाचा पेपर आधी पुढे ढकलला आणि मग रद्द झाला. गुण सरासरीने दिले गेले. तो निर्णय त्या वेळी अपरिहार्य होता. मला लागले ते पालकांचे बोलणे : "बरं झालं, भूगोलच राहिला." त्याच महिन्यांत शहरांतून पायी गावाकडे निघालेल्या मजुरांचे तांडे रस्त्यांवर होते. कोण, कुठून, कुठे आणि का चालले आहे, हा भूगोलाचाच प्रश्न होता, आणि तो विचारणारा तास त्या वर्षी कुठल्याच वर्गात झाला नाही.

पुस्तकाच्या रचनेबद्दल दोन शब्द. पहिल्या भागात इतिहास, राज्यशास्त्र आणि भूगोल यांचा आशय सहावी ते दहावीच्या घटकांनुसार तपासला आहे. ज्याची पदवी एका विषयाची आहे त्याने उरलेल्या दोन विषयांची प्रकरणे आधी वाचावीत. दुसऱ्या भागात साधने आहेत : शकावली, गॅझेटिअर, मतदार यादी, सातबारा, स्थलनिर्देशक नकाशा, वीरगळ, आजीची आठवण. प्रत्येकाला कोणते प्रश्न विचारायचे तेही दिले आहे. तिसऱ्या भागात पाठ आहेत, पण आदर्श पाठ म्हणून नाहीत. तेच पाठ दोनदा-तीनदा घेतल्यावर काय बदलले ते त्यांत नोंदवले आहे, आणि मुलांचे प्रश्न त्यांच्याच शब्दांत ठेवले आहेत. नमुना टाचणांची तयार वही हवी असेल तर ती बाजारात मिळते. इथे मिळणार नाही.

छात्राध्यापक मित्रमैत्रिणींना एवढेच सांगतो. पहिला सराव पाठ घेण्यापूर्वी ज्या गावात शाळा आहे त्या गावाचा नकाशा मिळवा आणि एक संध्याकाळ गावातून पायी फिरा. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर माहीत नसेल तर तसे सांगा, आणि दुसऱ्या दिवशी उत्तर घेऊन वर्गात जा. पाठ संपला की वही मिटण्याआधी मुलांचे प्रश्न लिहून काढा. तुमच्याजवळ असे काही प्रश्न जमले तर प्रकाशकांच्या पत्त्यावर जरूर कळवा. पुढच्या आवृत्तीत ते घ्यायचे आहेत.